दप्तरखान्याची किल्ली आगंतुकाच्या हाती

संगणकीय चोरीची बातमी आली की आपल्याकडे तिची चर्चा ठरावीक दोन वळणांनी जाते. एका वळणावर कोणा परदेशस्थ टोळीच्या अचाट बुद्धिमत्तेचे वर्णन असते. दुसऱ्या वळणावर, फोनवरून गुप्त क्रमांक सांगून बसलेल्या भाबड्या नागरिकाला उपदेश असतो. या दोहोंच्या मध्ये एक तिसरा पक्ष उभा असतो. सदोष प्रणाली ज्याने बांधली, कमीत कमी दराच्या निविदेवर ज्याने ती विकत घेतली आणि वर्षानुवर्षे दुरुस्तीविना ज्याने ती चालू ठेवली, तो हा पक्ष होय. त्याचे नाव चर्चेत क्वचितच येते. वस्तुतः चोराला घरात घेणारी खिडकी त्यानेच उघडी ठेवलेली असते. आणि ती बंद करण्यास लागणारा खर्च बहुधा इतका अल्प असतो, की काटकसरीच्या सबबीवर तिचे समर्थन करता येणार नाही.

हा आरोप मोघम राहू नये म्हणून येथे एकच दोष विचारासाठी घेतला आहे. संकेतस्थळांच्या सर्व्हरवर आढळणाऱ्या या दोषाला त्या क्षेत्रातील मंडळी 'फाइल इन्क्लूजन' म्हणतात. दोन दशकांहून अधिक काळ तो ज्ञात आहे; त्यावरील उपायही तितकाच ज्ञात आहे; आणि तरीही तो समूळ नाहीसा झालेला नाही. प्रस्तुत लेखकाचा विषय अर्थशास्त्र आहे, संगणकशास्त्र नव्हे. तथापि, ज्या व्याधीचे औषध स्वस्त आहे, सर्वांना ठाऊक आहे आणि तरीही जी व्याधी हटत नाही, तिचे निदान केवळ वैद्यकात सापडणार नाही. औषधाची किंमत कोण देतो आणि व्याधीचे दुःख कोण भोगतो, या हिशेबात ते शोधावे लागेल. तो हिशेब मांडणे हे अर्थशास्त्राचे काम आहे.

दोषाचे स्वरूप

पडद्यावर एकसंध दिसणारे संकेतस्थळाचे पान सर्व्हरवर तसे अखंड ठेवलेले नसते. शीर्षक एका फाइलीत, अनुक्रमणी दुसऱ्या फाइलीत, मजकूर तिसऱ्या फाइलीत अशी त्याची विभागणी असते. वाचकाची मागणी येताच प्रोग्राम हे तुकडे जोडून पान सिद्ध करतो. रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९५ साली प्रसृत केलेल्या पीएचपी या भाषेत, जिच्यावर जगातील असंख्य संकेतस्थळे आजही चालतात, या जोडणीसाठी 'इन्क्लूड' अशी आज्ञा आहे. ही आज्ञा फाइल नुसती वाचून दाखवीत नाही. त्या फाइलीत प्रोग्रामच्या आज्ञा लिहिलेल्या असतील तर त्या अमलातही आणते. अनर्थाचे मूळ येथे आहे.

मामलेदार कचेरीतील दप्तरखान्याची कल्पना करावी. खिडकीवर येणारा माणूस चिठ्ठीवर कागदाचे नाव लिहून देतो आणि शिपाई तो कागद आत जाऊन आणतो. चिठ्ठीवर 'माहितीपत्रक' किंवा 'अर्जाचा नमुना' असे लिहिलेले असेल तोवर व्यवहार सुरळीत चालतो. परंतु शिपायाला 'जे लिहिले असेल ते आणावे' एवढीच ताकीद दिलेली असेल, तर एखादा आगंतुक लिहील, 'या खोलीतून बाहेर पड, जिना चढ आणि साहेबांच्या कपाटातील किल्ल्यांची यादी घेऊन ये.' संगणकाच्या भाषेत दोन टिंबे आणि एक तिरकी रेघ यांचा अर्थ 'एक पायरी वरच्या कप्प्यात जा' असा होतो. संकेतस्थळाच्या पत्त्यात, जेथे पानाचे नाव अपेक्षित असते, तेथे ही चिन्हे पाच-सहा वेळा लिहिली की असावध प्रोग्राम आपली चौकट सोडून सर्व्हरच्या मुळापर्यंत जातो आणि माहितीकोशाचा संकेतशब्द ज्या फाइलीत आहे ती निमूटपणे उघडून देतो. हा झाला दोषाचा स्थानिक प्रकार.

दुसरा प्रकार अधिक भयंकर आहे. आगंतुक चिठ्ठीवर लिहितो, 'परगावच्या अमुक घरी जा, तेथे ठेवलेला हुकूम घेऊन ये आणि कचेरीच्या शिक्क्यानिशी अमलात आण.' शिपाई तेही करतो. दूरच्या सर्व्हरवर चोराने ठेवलेला प्रोग्राम आपला सर्व्हर स्वतःहून मागवून घेतो आणि स्वतःच्या अधिकारात चालवितो. त्या क्षणापासून घर मालकाचे राहत नाही.

बाहेरगावचा रस्ता बंद केला तरी चोराच्या युक्त्या संपत नाहीत. प्रत्येक सर्व्हर येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंदवही ठेवतो. चोर तिच्यात आपल्या नावाच्या जागी प्रोग्रामची आज्ञा लिहून ठेवतो आणि मग 'नोंदवही आणून वाच' अशी चिठ्ठी देतो. कचेरीने स्वतःच ठेवलेली वही कचेरीच्या विरुद्ध हुकूमनामा बनते. जेथे छायाचित्रे स्वीकारली जातात तेथे छायाचित्राच्या फाइलीतच आज्ञा दडवून हाच खेळ खेळता येतो.

या दोषावर केलेली मलमपट्टीही बहुतेक वेळा कुचकामी ठरली आहे. आगंतुकाने लिहिलेल्या नावाच्या शेवटी आपणच एक ठरावीक शेपूट जोडावे, म्हणजे भलती फाइल उघडणार नाही, अशी एके काळी समजूत होती; शून्यमूल्याचे एक अदृश्य अक्षर मध्ये घातले की ते शेपूट गळून पडत असे, आणि पीएचपीतील ही उणीव दूर होण्यास २०१० साल उजाडावे लागले. दोन टिंबे आणि तिरकी रेघ आढळल्यास पुसून टाकावी, ही दुसरी युक्ती. चोर ती चिन्हे एकात एक गुंफून दुप्पट लिहितो. चाळणी आतली जोडी पुसते आणि बाहेरची जोडी जुळून पुन्हा तीच चिन्हे तयार होतात.

उपाय पन्नास वर्षांपूर्वीचा

खरा उपाय याहून सोपा आहे. शिपायाजवळ देण्याजोग्या कागदांची एक यादी असावी. चिठ्ठीवरील नाव यादीत असेल तर कागद द्यावा, नसेल तर खिडकी बंद करावी. वाईटाची यादी करून ते वगळण्याच्या फंदात पडू नये, कारण वाईटाला अंत नाही. चांगल्याची यादी करावी, कारण ती आपल्या हातात असते. याच्या जोडीला, शिपायाला दप्तरखान्याबाहेरील कोणत्याही कपाटाची किल्ली मुळात देऊच नये. म्हणजे त्याला फसविले तरी हानी एका खोलीपुरती मर्यादित राहते.

जेरोम साल्ट्झर आणि मायकेल श्रोडर या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९७५ साली संगणकातील माहितीच्या संरक्षणावर एक प्रबंध लिहिला. त्यात हीच दोन तत्त्वे नि:संदिग्धपणे मांडलेली आहेत. प्रवेश हा परवानगीवर आधारलेला असावा, मनाईवर नव्हे. आणि प्रत्येक प्रोग्रामला त्याच्या कामापुरतेच, त्याहून तसूभरही अधिक नाही, एवढे अधिकार असावेत. पीएचपीचा जन्म होण्याच्या वीस वर्षे आधी औषध लिहून ठेवलेले होते. तेव्हा ज्ञानाचा अभाव हे या दोषाचे कारण आहे, असे कोणी म्हणू लागल्यास ते मान्य करता येणार नाही.

एका फेरफाराची किमया

या कहाणीत एक आशादायक प्रकरणही आहे आणि अर्थशास्त्राच्या दृष्टीने ते सर्वांत बोधप्रद आहे. पीएचपीच्या आरंभीच्या काळात अशी सोय होती, की आगंतुकाने पत्त्यात लिहिलेली नावे आपोआप प्रोग्रामची चलपदे बनत. शिकाऊ प्रोग्रामरला ती सुखाची वाटे. चोराला तर ती पर्वणीच होती. २००२ साली ही सोय मुळातच बंद स्थितीत देण्याचे ठरले आणि २०१२ साली ती भाषेतून काढून टाकण्यात आली. २००६ च्या अखेरीस, बाहेरच्या सर्व्हरवरील फाइल जोडून घेण्याची मुभाही अशीच मुळातून बंद करण्यात आली. ज्याला ती खरोखर हवी असेल त्याने ती स्वतःच्या जबाबदारीवर चालू करावी, असा नवा दंडक झाला.

परिणाम काय झाला? संकेतस्थळांच्या सुरक्षिततेसाठी काम करणारी ओवास्प ही संस्था वेळोवेळी दहा प्रमुख दोषांची यादी प्रसिद्ध करते. २००७ च्या यादीत अशा घातक फाइली चालविल्या जाण्याचा दोष तिसऱ्या क्रमांकावर होता. २०१० च्या यादीतून तो वगळण्यात आला, आणि पीएचपी आता अधिक सुरक्षित मांडणीत दिली जाते हे त्याचे कारण म्हणून नमूद करण्यात आले. लक्षावधी प्रोग्रामरांना केलेल्या उपदेशाने जे साधले नव्हते, ते मूळ मांडणीतील एका फेरफाराने साधले.

ग्विदो कालाब्रेसी या विधिज्ञाने १९७० साली अपघातांच्या खर्चावरील आपल्या ग्रंथात एक साधे सूत्र मांडले. अपघात टाळणे ज्याला सर्वांत स्वस्तात शक्य आहे, त्याच्यावर त्याची जबाबदारी टाकावी. पीएचपीचा अनुभव म्हणजे या सूत्राचे प्रात्यक्षिक होय. भाषा घडविणाऱ्या मूठभर लोकांना जी गोष्ट जवळजवळ फुकटात करता आली, तीच गोष्ट जगभरच्या संकेतस्थळांच्या मालकांनी स्वतंत्रपणे करावयाची म्हटली असती तर तिचा खर्च अफाट झाला असता, आणि तरीही ती पुरी झाली नसती.

परंतु दोषाचा स्थानिक प्रकार असा एका फटक्याने बंद करता येत नाही, कारण आपल्याच सर्व्हरवरील फाइली उघडणे हे प्रोग्रामचे नित्यकर्म आहे. म्हणूनच तो टिकून राहिला. २०२१ च्या ऑक्टोबरात अपाचे या जगद्विख्यात सर्व्हर-प्रणालीच्या नव्या आवृत्तीत पायऱ्या चढून बाहेर जाण्याचाच दोष निघाला. घाईने केलेली पहिली दुरुस्तीही अपुरी ठरून काही दिवसांत दुसरी करावी लागली. २०२४ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला आणि एफबीआयला संयुक्त पत्रक काढून उत्पादकांना बजावावे लागले, की हा दशकांपूर्वीचा दोष आता तरी आपल्या मालातून हद्दपार करा.

बाजार का चुकतो?

उपाय ठाऊक, खर्च अल्प, आणि तरीही दोष शिल्लक. यावर 'बाजारपेठच निकृष्ट मालाला बाहेर काढील' असे ठराविक उत्तर दिले जाते. ते का फोल आहे, हे जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले आणि त्यासाठी त्यांना २००१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मोटार चांगली की खटारा, हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. घेणारा सर्वांनाच संशयाने कमी भाव देतो. परिणामी चांगल्या मोटारीचा मालक बाजारातून काढता पाय घेतो आणि खटारे तेवढे उरतात. संकेतस्थळांच्या बाजारात हेच घडते. पानाचे रंगरूप गिऱ्हाइकाला दिसते. आतली 'इन्क्लूड'ची आज्ञा कशी लिहिली आहे हे दिसत नाही. जो प्रोग्रामर दोन दिवस अधिक खर्चून यादी तपासण्याची तजवीज करतो, त्याची निविदा महाग ठरते आणि त्याचे काम दुसऱ्याला मिळते. निष्काळजीपणाला बाजार बक्षीस देतो.

पुष्कळदा तर आपण काय विकत घेतले आहे याचाच पत्ता गिऱ्हाइकाला नसतो. वर्डप्रेस प्रणालीवर चालणाऱ्या संकेतस्थळांत चित्रांची सरकती पट्टी दाखविणारा 'स्लायडर रिव्होल्यूशन' हा एक लोकप्रिय जोडप्रोग्राम होता. त्यात पायऱ्या चढून हवी ती फाइल, अगदी संकेतशब्दांची फाइलसुद्धा, उतरवून घेता येईल असा दोष होता. कर्त्यांनी दुरुस्ती केली. परंतु हा जोडप्रोग्राम अनेक तयार नमुन्यांच्या पोटात घालून विकला गेलेला होता. नमुना घेणाऱ्याला तो आपल्याकडे आहे हेच माहीत नव्हते, मग दुरुस्ती कोण बसविणार? २०१४ च्या डिसेंबरात या भगदाडातून शिरलेल्या घातक प्रोग्रामने इतकी संकेतस्थळे ग्रासली, की गूगलला ११ हजारांहून अधिक पत्ते काळ्या यादीत टाकावे लागले. त्याआधी २०११ साली 'टिमथम्ब' या छायाचित्रे लहान करणाऱ्या प्रोग्रामची अशीच गत झाली होती. विश्वासू संकेतस्थळांची यादी त्यात होती. परंतु यादीतील नाव पत्त्यात कोठेही आढळले की तो पत्ता विश्वासू मानला जाई. चोराने आपल्या पत्त्याच्या आरंभी ते नाव लावले आणि दार उघडले. हा प्रोग्रामही असंख्य तयार नमुन्यांतून जगभर पसरलेला होता.

अज्ञानाच्या जोडीला दुसरे कारण आहे, ते बाह्य परिणामांचे. कारखान्याचे सांडपाणी नदीत सोडले तर खर्च वाचतो कारखानदाराचा आणि आजार होतो खालच्या गावाला. काबीज झालेल्या सर्व्हरचेही असेच आहे. मालकाचे पान पूर्ववत दिसत राहते. त्याच्या यंत्रावरून फसवी पत्रे जातात, इतरांवर हल्ले होतात, त्याच्याकडे नोंदलेल्या लोकांची माहिती विकली जाते. झळ त्यांना लागते, मालकाला नाही. केंब्रिज विद्यापीठाचे दिवंगत प्राध्यापक रॉस अँडरसन यांनी २००१ साली हाच मुद्दा मांडून सुरक्षेच्या अर्थशास्त्राची एक स्वतंत्र शाखाच सुरू केली. ज्याला रक्षण करता येते त्याला नुकसान सोसावे लागत नसेल, तर रक्षण होणार नाही, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होय.

त्यांनीच अभ्यासलेले बँकांचे उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे. एटीएममधून पैसे गेल्याची तक्रार आली तर अमेरिकेत ती खोटी असल्याचे बँकेने सिद्ध करावयाचे असे. ब्रिटनमध्ये प्रत्यक्षात ते ओझे ग्राहकावर पडे. जबाबदारीतून सुटका झालेल्या ब्रिटिश बँकांना त्यामुळे लाभ झाला असेल, असे सकृद्दर्शनी वाटेल. झाले उलटेच. तक्रारी झटकून टाकता येत असल्यामुळे त्या बेफिकीर राहिल्या आणि फसवणुकीचे पेव फुटले. अमेरिकन बँकांना भरपाई द्यावी लागत असल्यामुळे त्या सावध राहिल्या.

अमेरिकेत तरी सर्वत्र असे चालते असे नाही. इक्विफॅक्स ही पतमाहितीचा व्यापार करणारी कंपनी. तिच्या सर्व्हरवरील स्ट्रट्स प्रणालीतील एका निराळ्या दोषाची दुरुस्ती २०१७ च्या मार्चमध्ये उपलब्ध झाली होती. ती सर्वत्र बसविली गेली नाही. मे महिन्यात चोर शिरले आणि जुलैअखेरपर्यंत कोणाला सुगावा लागला नाही. सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. यांतील बहुसंख्य लोकांनी आपली माहिती इक्विफॅक्सला स्वतःहून दिलीही नव्हती. २०१९ साली किमान साडेसत्तावन्न कोटी डॉलरांची तडजोड झाली, तेव्हा कोठे निष्काळजीपणाला किंमत असते हे कंपनीच्या हिशेबवहीत उमटले.

आपल्या घरचा हिशेब

आपल्याकडे या प्रश्नाची झळ पुणेकरांना तरी नव्याने सांगावयास नको. २०१८ च्या ऑगस्टमध्ये कॉसमॉस सहकारी बँकेच्या एटीएम-व्यवहारांच्या सर्व्हरला बगल देऊन अवघ्या दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये लांबविण्यात आले. तेथील मार्ग निराळा होता. परंतु सर्व्हरची राखण हा केवळ तंत्रज्ञांच्या कुतूहलाचा विषय राहिलेला नाही, हे त्या घटनेने सहकारी क्षेत्राला शिकविले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची किमान चौकट घालून दिली. बैल गेला आणि झोपा केला, असे कोणी म्हणेल. तरी झोपा झाला हे बरेच म्हणावयाचे.

रिझर्व्ह बँकेचे त्याहून महत्त्वाचे पाऊल २०१७ सालचे होते. अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारात दोष बँकेचा असेल तर ग्राहकावर काहीही भार पडू नये. दोष बँकेचा नाही आणि ग्राहकाचाही नाही, परंतु व्यवस्थेत अन्यत्र आहे आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळविले आहे, तरीही पडू नये. आणि ग्राहकाची चूक सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर असावी, असे त्या परिपत्रकाने ठरविले. अंमलबजावणीच्या तक्रारी असल्या तरी दिशा अचूक होती.

दुर्दैवाने, वैयक्तिक माहितीच्या बाबतीत आपण या दिशेला पाठ फिरवीत आहो. माहिती-तंत्रज्ञान कायद्यात ४३अ हे कलम आहे. कंपनीने वाजवी सुरक्षा ठेवण्यात हयगय केली आणि त्यामुळे नुकसान झाले, तर बाधित व्यक्तीला तिच्याकडून भरपाई मागता येते. या कायद्याखालील दावे राज्याच्या माहिती-तंत्रज्ञान सचिवांपुढे चालतात. महाराष्ट्रात बँकांविरुद्ध भरपाईचे आदेशही त्यांतून झालेले आहेत. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा हे कलम वगळतो. त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात जाहीर झाले आणि कलम वगळण्यासह मुख्य तरतुदींना त्यापासून अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली. नव्या कायद्यात सुरक्षेच्या हयगयीबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे आणि चोरी झाल्यास बाधितांना कळविण्याचे बंधनही आहे. या गोष्टी निश्चितच स्वागतार्ह आहेत. परंतु दंडाची सर्व रक्कम भारताच्या संचित निधीत जमा व्हावयाची आहे. ज्याची माहिती गेली, ज्याच्या नावावर कोणी कर्ज उचलले, ज्याला पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या, त्याच्या हाती या कायद्याने एक रुपयाही पडणार नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार आहे.

दंड आणि भरपाई यांतील फरक केवळ भावनेचा नाही. दंडासाठी सरकारी मंडळाने दखल घ्यावी लागते आणि मंडळाची नजर मोठ्या माशांवरच जाणार. भरपाईचा हक्क असला की प्रत्येक बाधित नागरिक स्वतःच पहारेकरी बनतो. लहानशा पतसंस्थेपासून महाविद्यालयापर्यंत कोणीही त्याच्या नजरेतून सुटत नाही. सरकारी तिजोरीतून पगार न घेणारे इतके पहारेकरी अन्य कोणत्याही मार्गाने मिळणार नाहीत.

आक्षेप आणि उत्तर

अशी जबाबदारी टाकली तर लहान व्यावसायिक बुडतील आणि विनामूल्य प्रोग्राम लिहून समाजाला देणारे स्वयंसेवक हात आखडता घेतील, असा आक्षेप घेतला जातो. तो गंभीर आहे आणि त्याची वासलात चार शब्दांत लावणे अन्यायाचे होईल. २०१४ साली ओपन-एसएसएल या प्रणालीत 'हार्टब्लीड' हा दोष सापडला, तेव्हा जगाच्या व्यापाराचा भार वाहणाऱ्या त्या प्रकल्पाला पूर्ण वेळ देणारा जेमतेम एक माणूस होता, ही गोष्ट उघडकीस आली. अशा माणसावर दावा लावणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देणे होय. परंतु आक्षेपाचे उत्तर जबाबदारीची योग्य वाटणी करण्यात आहे. जो विनामूल्य देतो त्याला मोकळे सोडावे. जो तीच वस्तू आपल्या मालात घालून पैसे घेतो, त्याला धरावे. १० डिसेंबर २०२४ रोजी अमलात आलेल्या आणि डिसेंबर २०२७ पासून पूर्णपणे लागू व्हावयाच्या युरोपीय संघाच्या सायबर कायद्याने हीच रेषा आखली आहे. जर्मनीने २०२२ पासून अशा पायाभूत प्रकल्पांच्या देखभालीसाठी सार्वजनिक निधीही उभा केला. रस्त्यावरच्या पुलाची डागडुजी जर सरकारी खर्चाने होते, तर ज्या पुलावरून सरकारचा सारा व्यवहार जातो त्याची का होऊ नये?

लहान व्यावसायिकाबद्दल असे म्हणता येईल, की जबाबदारीची मर्यादा कामाच्या मोबदल्याशी निगडित करता येते आणि उरलेल्या धोक्याचा विमा उतरविता येतो. विमा कंपनी हप्ता ठरविताना पहिला प्रश्न विचारील, तो 'नावांची यादी तपासता काय?' हाच. जे काम उपदेशाने होत नाही ते हप्त्याच्या आकड्याने होते.

करावयाच्या गोष्टी

यास्तव चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली ही, की ४३अ कलमातील भरपाईचा हक्क नव्या कायद्यात पुनःस्थापित करावा; निदान दंडाचा मोठा हिस्सा बाधितांकडे वळवावा.

दुसरी गोष्ट सरकारी आणि निमसरकारी खरेदीची. जिल्हा परिषद, नगरपालिका, विद्यापीठ किंवा महाविद्यालय जेव्हा संकेतस्थळाचे काम देते, तेव्हा निविदेत बांधणीचा एकच आकडा असतो आणि देखभाल गृहीत धरलेली असते. इमारतीच्या अंदाजपत्रकात आपण डागडुजीचा वेगळा रकाना ठेवतो. तसा येथेही ठेवावा. सुरक्षेची तपासणी करणारा लेखापाल कंत्राटदाराने नेमलेला नसावा. कोणते जोडप्रोग्राम आत घातले आहेत याची यादी ताब्यात घेतल्याशिवाय अखेरचे बिल मंजूर होऊ नये. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने अशा घटक-याद्यांची मार्गदर्शक तत्त्वे २०२४ च्या ऑक्टोबरातच प्रसिद्ध केली आहेत. ती निविदेत उतरविण्याचेच काय ते बाकी आहे.

तिसरी गोष्ट मूळ मांडणीची. भाड्याने सर्व्हर देणाऱ्या कंपन्यांनी आपला माल कडेकोट बंद अवस्थेत द्यावा. ज्याला दार उघडावयाचे असेल त्याने ते समजून-उमजून उघडावे. या एका नियमाचे फळ काय असते, ते २००६ नंतरच्या अनुभवाने सिद्ध झाले आहे.

चौथी गोष्ट आम्हां शिक्षकांची. संगणकाच्या पदविका आणि पदवी वर्गांत आगंतुकाने पाठविलेला मजकूर कसा स्वीकारावा हे पहिल्या सत्रात शिकवावयाचे आणि त्यावर विश्वास का ठेवू नये हे शेवटच्या सत्रातील ऐच्छिक विषयात, ही वाटणी बदलली पाहिजे. सुतारकाम शिकविताना कुऱ्हाड धरण्याची रीत आपण शेवटच्या धड्यासाठी राखून ठेवत नाही.

यांपैकी कोणतीही सूचना अपूर्व नाही. बाष्पकांचे स्फोट, गिरण्यांतील अपघात, भेसळीचे अन्न या प्रत्येक बाबतीत समाजाने प्रथम नशिबाला बोल लावला, मग बळीलाच बोल लावला आणि अखेरीस ज्याच्या हातात उपाय होता त्याच्याकडे बोट दाखविले. संगणकाच्या बाबतीत आपण अद्याप दुसऱ्या पायरीवर घुटमळत आहो. एका संकेतस्थळाची माहिती गेली म्हणून जग बुडत नाही, हे खरे. परंतु म्हातारी मेल्याचे दुःख नाही, काळ सोकावतो. आज शिधापत्रिका, सातबारा, विद्यार्थ्यांचे निकाल आणि रुग्णांचे अहवाल अशाच दप्तरखान्यांत ठेवले जात आहेत. खिडकीवर कोण उभा आहे हे शिपायाला कळत नाही. त्याच्या हाती यादी देणे हे दप्तरखान्याच्या मालकाचे कर्तव्य आहे, आणि ते त्याने न केल्यास नुकसानीचे बिल त्याच्याच नावे फाडले गेले पाहिजे.